उलांडीची बाजू

विश्रामने पिवळ्या कयाकच्या पोटात टाच हाणली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इतक्या जोराने की ती वाळूवर हातभर सरकली.

"अहो, घ्यायची आहे की मारायची आहे?" भेंडे ओरडले.

"प्लास्टिक कसला आसा ता बघतंय," विश्राम म्हणाला.

"तीन वर्षं पर्यटकांनी खडकांवर आपटली तिला. तुमच्या लाथेने काय होणार?"

माझा धाकटा भाऊ हसला नाही. दोन महिने झाले, तो हसला नव्हता.

भेंड्यांचा खाडीच्या तोंडावरचा पर्यटकांचा तळ बंद पडत होता. तंबू विकले गेले होते, टेबलं-खुर्च्या गेल्या होत्या, आणि सुरूच्या झाडांखाली दोनच कयाक उरल्या होत्या. पिवळी रुंद, उघड्या पाठीची. बसायची जागा वरच, आत आलेलं पाणी खाली जायला भोकं, मागे माशांचा क्रेट बांधायला खोलगट जागा. तांबडी लांब आणि अरुंद. तिच्या पाठीला एकच भोक, त्यातून पाय आत सरकवून बसायचं, म्हणजे कमरेपर्यंतचा माणूस होडीच्या पोटात.

"मासे मारायचे ना तुम्हाला?" भेंडे म्हणाले. "मग विचारच करू नका. पिवळी. तिच्यावर उभं राहून गरी टाकलीत तरी चालेल. तांबडी हौशी लोकांची, शर्यतीची."

विश्रामने दोन्ही पाण्यात लोटून पाहिल्या. पिवळीत बसून तो खाडीच्या मध्यापर्यंत गेला, वल्हं कधी सपाट कधी उभं मारत परत आला, आणि उतरताना भेंड्यांना विचारलं, "वल्ह्याचो आवाज कितको येता?"

"आवाज? का, मासे पळतील म्हणून?"

"व्हय. माशे पळतले म्हणान."

मग तो तांबडीत बसला. ती त्याच्याखाली थरथरली. चाळीस वर्षांतली तीस समुद्रावर काढलेला माणूस, त्याने तिला कमरेने आवरलं, पण परत आला तो कपाळाला आठ्या घालून.

"ही अंगाखाली वळवळता, अण्णा. पिवळी बरी."

"पिवळी म्हणजे पाट रे," मी म्हणालो. "वाऱ्यार वल्हवताना हात तुटतले तुझे. ही बघ, सुरयेसारखी जाता. तुका लांब जावचा आसा मा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुका काय कळता होडयेतला? तू खडू धरणारो."

"म्हणानच पुस्तकात वाचून इलंय. जितकी अरुंद तितकी वेगान जाता. आणि आवाज कमी."

हे शेवटचं मी हळू बोललो. त्याने तांबडीच्या टोकावरून हात फिरवला. मग मान हलवली. लहानपणापासून त्याचं असंच होतं. शाळेत राहायचं की होडीवर जायचं, शेवंतीचं स्थळ बघायचं की नाही, सगळं त्याने माझ्यावर सोडलं होतं. मी वाचतो म्हणजे मला ठाऊक असणार.

"तांबडी," तो भेंड्यांना म्हणाला.

"आणि जाकीट घालूनच जायचा," मी म्हणालो. भेंड्यांकडची नारिंगी जाकिटं मी एकेक करून ओढून पाहिली आणि सगळ्यांत जाड होतं ते निवडलं.

*

त्याआधीचं सांगायला हवं.

आश्विनात एका पहाटे विश्राम आणि त्याचे सासरे भगवंत मेथर खडपाजवळ, पाण्यातल्या खडकांच्या रांगेजवळ, जाळं टाकून थांबले होते. आमच्याकडच्या होडीला एका बाजूला उलांडी असते. दोन वाकड्या दांड्या आणि त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारं एक ओंडकं. होडी त्या अंगाला कलायला लागली की ओंडकं पाणी दाबतं आणि तिला सावरून धरतं. एक ट्रॉलर बत्ती विझवून, किनाऱ्याजवळ यायला बंदी असताना, थेट त्यांच्यावर आला. होडीचे दोन तुकडे झाले. विश्राम तुटलेल्या उलांडीला धरून तीन तास पाण्यात होता. मेथर ट्रॉलरच्या पंख्याखाली गेले. दुसऱ्या दिवशी भरतीने जे आणलं ते आम्ही ताडपत्रीत गोळा केलं. ताडपत्री मी धरली होती आणि शेवंती, त्यांची मुलगी, मला सारखी विचारत होती, "भावजी, हात दोनव आसत मा? दोनव आसत मा?"

एकच होता.

विश्रामने एक गोष्ट पोलिसांना सांगितली, आणि कागदावर ती 'अंधारात ओळख पटत नाही' अशी उतरली. ट्रॉलर थांबला होता. मागच्या बाजूला एक माणूस बॅटरी घेऊन उभा राहिला. त्याने बॅटरी पाण्यावर फिरवली, विश्रामच्या तोंडावर आणली, तिथे ठेवली. विश्रामने हात वर केला. मग बॅटरी विझली आणि इंजिनाचा आवाज दूर गेला.

तो माणूस बाबल सारंग होता, ट्रॉलर चालवणारा तांडेल. विश्राम त्याला ओळखत होता. मी जास्त ओळखत होतो. खाडीपलीकडच्या शाळेत चार वर्षं तो माझ्या वर्गात होता, आणि हनुवटीखाली हात धरून त्याला पोहायला मी शिकवलं होतं. मी बंदरावर जाऊन त्याला गाठलं. तो जाळं शिवत होता, त्याने मान वर केली नाही.

"काळोख होतो, गुरुजी. माका कोण दिसाक नाय."

"बाबल, माझ्याकडे बघून सांग."

"काळोख होतो म्हटलंय नाय?" तो ओरडला, आणि सुई त्याच्या अंगठ्यात घुसली.

त्यानंतर महिन्याभराने शेवंतीने मला मागच्या पडवीत नेलं. चार वर्षांची रेवती तिच्या पदराला धरून होती. कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून कोयता ठेवलेला होता. त्याला अशी धार लावली होती की मी बोट जवळ नेऊन मागे घेतलं.

"गरीचे दोरये बांधून तयार ठेवल्यानी," शेवंती म्हणाली. "सांगता, नवी होडी होयसर प्लास्टिकची घेतंय, गरीन माशे मारतंय. पण आमिष खंय आसा, भावजी? एक कोळंबी खारवूक नाय. आमिषाशिवाय कोण गरयेक जाता?"

मी कोयता पुन्हा गोणपाटात गुंडाळला.

"माझो बापूस गेलो तो गेलो. आता घोव फाशी जावक नको. तुमचा ऐकता तो."

त्या संध्याकाळी मी विश्रामला समजावायला गेलो. कोर्टात जाऊ म्हणालो, वकील बघू म्हणालो, आणि मग चूक केली. म्हणालो, "बाबल माझो इद्यार्थी, मी त्येका बोलता करतंय." पुढचं मला नीट आठवत नाही. माझी पाठ भिंतीवर आपटली, त्याचा हात माझ्या गळ्यावर होता आणि माझ्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या.

"त्येना माझ्या तोंडार बॅटरी धरल्यान," तो अगदी हळू म्हणाला. "माझ्या तोंडार, अण्णा. तू मधी येव नको. तुझोव हात तोडीन."

त्याने मला सोडलं आणि पाणी आणून दिलं. मी ते प्यालो. कोयता लपवण्यात अर्थ नव्हता, गावात घरटी दोन कोयते आहेत. गावाला सांगण्यातही नव्हता, कारण गावातली निम्मी माणसं त्याला धार लावून द्यायला तयार होती.

त्याच आठवड्यात मी चौथीच्या वर्गात उलांडी शिकवत होतो. मुलांना तोल कळतो तो हाताने, फळ्याने नाही. म्हणून बादलीत केळीच्या सोपटाच्या दोन होड्या सोडल्या होत्या. एकीला काड्यांची उलांडी, दुसरी मोकळी. एकेकाने येऊन बोटाने काठ दाबायचा. उलांडीची होडी डुलून जागेवर यायची. मोकळी उलटायची आणि वर्ग ओरडायचा. कुंदा मेस्त्री सगळ्यांत शेवटी आली. तिने काठ दाबला नाही, माझ्याकडे बघत उभी राहिली.

"गुरुजी, ज्येका उलांडयेची सवय आसा, तो मोकळ्या होडयेत बसलो तर?"

"तर काय होईल? तूच सांग."

"तो पडतलो." तिने विचार केला. "उलांडी असता त्याच बाजूक पडतलो. कारण त्या बाजूक तो भियाच नाय."

मी तिला वर्गाकडून टाळ्या द्यायला लावल्या. चार दिवसांनी आम्ही भेंड्यांकडे गेलो.

*

तांबडी घेतल्यावर अकराव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमाराला, ट्रॉलर पुन्हा खडपाच्या आत आला. उजाडलेलं होतं, समुद्र तेल ओतल्यासारखा होता. मी रोज शाळेआधी किनाऱ्यावर येत होतो. शेजारच्या नाथाची इंजिन लावलेली होडी सांगून ठेवली होती, आणि तिच्यात दोरी, घोंगडी आणि कापूस. नाथाला वाटत होतं गुरुजींना म्हातारपणी मासेमारीचा नाद लागला.

विश्राम माझ्याकडे न बघता तांबडीत बसला. गरीच्या दोऱ्यांचं भेंडोळं पायांशी, गोणपाट मांडीवर. जाकीट त्याने घातलं होतं. मी सांगितलं होतं म्हणून.

"नाथा, इंजिन!"

इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. तोपर्यंत तांबडी निम्मं अंतर तोडून गेली होती. खरंच सुरीसारखी जात होती.

ट्रॉलरवर जाळं ओढायचं काम चालू होतं, पंखा थांबलेला. बाबल मागच्या बाजूला पाठमोरा उभा होता. विश्रामने वल्हं पाण्यातून उचललं, कयाक वाहत वाहत ट्रॉलरला टेकली, आणि त्याने लोंबणाऱ्या टायरमध्ये हात घातला. आवाज झाला नाही. मग त्याने हाक मारली.

"बाबल! बॅटरी आणलंस?"

बाबल वळला आणि खाली वाकला. विश्रामने त्याच्या सदऱ्याचा गळा धरून त्याला फळीवरून खाली खेचलं. बाबल डोक्यावर पाण्यात पडला. वर येतो न येतो तोच कोयता खाली आला. त्याने तोंडासमोर हात धरला होता, त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तो उतरला. मी रक्त नंतर पाहिलं, आधी ओरडणं ऐकलं. ट्रॉलरवरून दोन खलाशी धावले. एकाने बांबू उगारून खाली मारला, तो विश्रामच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो डोळा तिथेच गेला. विश्रामने डोकं झटकलं, माशी आल्यासारखं, आणि बाबलचे केस धरले.

"सोड त्येका!" मी ओरडत होतो. "इसराम, सोड!"

त्याने कोयता पुन्हा वर नेला. या वेळी डोक्याच्या वर, पूर्ण हात ताणून, मेलेल्या सासऱ्याचाही सगळा जोर त्यात घालून. बाबल त्याच्या डाव्या अंगाला होता. डाव्या अंगाला, जिथे जन्मभर प्रत्येक होडीत त्याने उलांडी बघितली होती, जाळं ओढताना जिच्या भरवशावर त्याने हजार वेळा अंग झोकून दिलं होतं. त्याने तसंच अंग झोकून दिलं.

तिथे काही नव्हतं. तांबडी पापणी लवायच्या आत उलटली. कोयता हवेतच सुटला आणि आठ वाव खोल पाण्यात गेला. वर फक्त तांबडं पोट राहिलं.

मला हेच हवं होतं. भेंड्यांच्या वाळूवर मी हेच विकत घेतलं होतं, वेग नाही, आवाज नाही. त्याला रागात एकदा अंग झोकायला लावेल आणि पाण्यात टाकेल अशी होडी. जाकीट त्याला वर आणेल, मी जवळ असेन, दोरी असेल, घोंगडी असेल, दोघेही जिवंत राहतील. अकरा रात्री मी हे मनात करून बघितलं होतं, बादलीतल्या सोपटासारखं.

विश्राम वर आला नाही.

मी मोजायला लागलो. मुलांना पोहायला शिकवताना मोजतो तसं. दहा. तांबडं पोट हिसके खात होतं. पंधरा. तेव्हा मला कळलं. पायांशी ठेवलेल्या गरीच्या दोऱ्या त्याच्या पायांत गुंतल्या होत्या, आणि माझं जाड जाकीट त्याला वर, होडीच्या पोटात, दाबून धरत होतं. ज्याला बुडता येत नाही त्याला त्या भोकातून खाली निसटताही येत नाही. वीस. आम्ही अजून दोनशे हात लांब होतो.

बाबल चांगल्या हाताने टायरकडे चालला होता. खलाशांनी त्याला दोरी टाकली होती.

"बाबल!" माझा आवाज वर्गातला होता. शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "त्येचे पाय अडाकले! आत अडाकले ते!"

त्याने दोरी धरली होती. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्याभोवती पाणी तांबडं होत होतं. या वेळी उजेड होता, आणि त्याला सगळं दिसत होतं, आणि तो बघतोय हे मला दिसत होतं.

"गुरुजी, तो माका मारतलो."

"व्हय," मी म्हणालो. "मारीत. पण आता तो बुडता."

त्याने दोरी सोडली.

तो पहिल्यांदा खाली गेला आणि रिकामा वर आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा इतका वेळ लागला की तोवर जवळ पोचलेला नाथा इंजिन बंद करून मोठ्याने देवाचं नाव घ्यायला लागला. मग तांबडीच्या बाजूला नारिंगी जाकीट वर आलं, आणि त्याच्या काखेत हात घातलेला बाबल. त्याच्या तळव्यात एक गरी आरपार गेली होती. दोऱ्या त्याने दातांनी तोडल्या होत्या, ओठ फाटले होते.

आम्ही दोघांनाही होडीत ओढलं. विश्रामचं तोंड निळं होतं, डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं मांस. मी त्याला पालथा घातला आणि पाठ दाबली. पाणी आलं, मग पित्त, मग खरखरणारा श्वास. त्याने एक डोळा उघडला. समोर बाबल बसला होता, हात पोटाशी धरून. विश्रामने दोन्ही हात उचलले आणि त्याचा गळा धरला.

नाथाने वल्ह्याने त्याच्या मनगटांवर मारलं. एकदा. दोनदा. हात सुटेनात. बाबलने त्याला ढकललं नाही. त्याचं तोंड काळंनिळं होत होतं आणि त्यातून तो कसाबसा बोलत होता.

"दिसलंस तू माका. मेथरांकव बघलंय. बॅटरी मी बंद केलंय." तो श्वासासाठी धडपडला. "मी. मीच."

नाथाचं वल्हं तिसऱ्यांदा पडलं आणि हात सुटले. पुन्हा उचलले गेले नाहीत. ते होडीच्या तळाशी पडून होते, उघडे, आणि विश्राम ओक्साबोक्शी रडायला लागला. मेथर गेल्यापासून पहिल्यांदा.

नाथाने इंजिन पुन्हा सुरू केलं आणि होडी किनाऱ्याकडे वळवली.

बाबलने आठ दिवसांनी स्वतः जाऊन जबाब दिला, त्याच शब्दांत. अडीच वर्षं तो आत होता. हाताच्या जखमेबद्दल त्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, जाळ्याच्या तारेत अडकला. त्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. विश्रामच्या डोळ्याबद्दल आम्ही सांगितलं, होडी उलटली तेव्हा खडप लागलं. ते दोघे नंतर कधी एकमेकांशी बोलले नाहीत. रस्त्यात समोर आले तर दोघेही थांबतात, आणि आधी कोण जाणार हे ठरायला वेळ लागतो.

तांबडी मी सुरूच्या झाडाखाली ओढून ठेवली. पावसाळ्यांनी तिचा रंग नेला. तिच्याबद्दल विश्रामने मला अठरा वर्षांत एक शब्द विचारला नाही.

*

रविवारी सकाळी मी खाडीच्या तोंडावर मुलांना वल्हवायला शिकवतो. पहिल्या दिवशी कोणी वल्हवत नाही. पहिल्या दिवशी होडी उलटवायची, आणि उलटलेल्या होडीतून बाहेर यायचं. पायांशी दोरी ठेवणाऱ्याला मी घरी पाठवतो. मुलं म्हणतात, गुरुजी इतर बाबतीत रागावत नाहीत, एवढ्याच बाबतीत रागावतात.

मागच्या मार्गशीर्षात रेवती आली. विश्रामची तीच चार वर्षांची रेवती आता पर्यटकांना घेऊन गरीने मासे पकडायला जाते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. तिने शहरातून दोन कयाक बघायला आणवल्या होत्या. एक आखूड आणि रुंद, एक लांब आणि अरुंद, दोन्ही हिरव्या.

"मोठे बाबा," ती मला म्हणाली, "तुमी सांगा, खंयची घेव? ही लांबटी वेगान जाता. दोन फेरये जास्ती जातले माझे."

मी तोंड उघडलं. विश्राम मागे वाळूवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, एका डोळ्याने ऊन टाळत.

"अण्णाक इचारू नको गो," तो म्हणाला.

"कित्याक?"

"अण्णा होडी बघना नाय. बसणाऱ्याक बघता."

रेवती हसली, तिला ते कौतुक वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी हसलो नाही, आणि मला विश्रामकडे बघायचा धीर झाला नाही. पाणी खडपावर आपटत होतं, मी तिकडे बघत राहिलो.

खुर्ची करकरली. विश्राम उठून पाण्यापर्यंत आला होता. तो माझ्या इतका जवळ उभा राहिला की त्याच्या बाहीचा स्पर्श मला होत होता. मग त्याने पाय पुढे केला आणि रुंद कयाकच्या डाव्या काठावर टाच ठेवून सगळं वजन दाबलं. तिने एकदा काठ पाण्याला लावला आणि त्याला वर उचललं.

"ही घे," तो लेकीला म्हणाला. "आणि दोरये पायाकडे ठेव नको."